टाकीतला पहिला श्वास

यंत्रांच्या दुकानात माझ्यापुढे एक पाणबुड्या आणि त्याची बायको उभे होते. श्वासाच्या टाक्या ते घरीच कॉम्प्रेसरवर भरत. तो चालवणारं जुनं पेट्रोल इंजिन बंद पडलं होतं.

“या वेळी विजेची मोटर घेऊ.”

“आणि वीज गेली की? पेट्रोलचंच घ्या.”

“आवाज फार करतं गं.”

“वीस वर्षं नाही वाटतं झाला आवाज!”

“वारा फिरला की धूर टाकीत शिरतो.”

“मी आहे ना. प्रत्येक टाकीतला पहिला श्वास मीच घेते. जरा वास आला तर तुम्हाला पाण्यात जाऊ दिलंय कधी?”

“सगळ्या धुराला वास नसतो. परवा चार टाक्या तपासल्यास आणि दिवसभर डोकं धरून बसलीस.”

“ते चष्म्याचा नंबर वाढलाय म्हणून.”

“बरं. वाढला असेल.”

“...म्हणून मोटर?”

“म्हणून.”

“आणि वीज नसेल त्या दिवशी?”

“त्या दिवशी घरी बसेन. तुझ्याशी भांडत.”

“भाऊ, मोटर दाखवा. आणि अहो, ऐकून ठेवा, पहिला श्वास तरीही मीच घेणार.”