खलनायकाचं शेवटचं गाणं

इरफानच्या हसण्याची गोष्ट तुमाले सांगितली का मी? इरफान म्हणजे आमच्या दारव्ह्याचा ट्रॅक्टर मेकॅनिक. मी एक विनोदी संगीत नाटक लिहिलं होतं, त्यात तो खलनायक व्हायला निघालेला माणूस होता. शेवटी तो अख्खं गाव जिंकते, पण लोकच गाव सोडून जातात. मग त्यानं रिकाम्या गावात खुर्चीवर बसून तीनदा खदखदा हसायचं अन् गमतीचं गाणं म्हणायचं, असं होतं.

प्रयोगात तो तीनदा हसला. लोकही हसले. पेटीवाल्यानं सूर दिला, तरी हा हसतच राह्यला. हळूहळू हसू बारीक झालं, आवाज फाटला, डोळे भरून आले. सारं सभागृह चिडीचूप. नाटक इथंच संपलं पाह्यजे, असं मले वाटलं. मी पडदा पाडायले सांगितलं.

आत जाऊन त्याचे हात धरले. म्हटलं, "इरफान, हे कुठून आणलं तू?"

"गाणं आठवून राह्यलो होतो, भाऊ," तो म्हणाला. "पहिली ओळच सापडेना. लय भेव लागलं."

दुसऱ्या दिवशी मी वहीतून ते गाणं खोडलं. ते लिहायले मले पंधरा दिवस लागले होते.