पाळीवर वाचलेली गोष्ट

रुख्मा : बसत नाही जी मी. बसाले नाही आली. पाणी बंद झालं आमचं, ते सांगाले आली.

घनश्याम : तुमच्या धानाच्या बांधीचं? भर हंगामात? का बरं, वहिनी?

रुख्मा : काऊन म्हणून मलेच इचारता? तुम्हीच तं बंद केलं, मास्तर.

घनश्याम : मी? मी शाळेत पोरं शिकवणारा माणूस. तलावाचं पाणी कुणाच्या बांधीत सोडायचं ते पाणकर केवळराम ठरवतो. त्याच्याकडे जा.

रुख्मा : त्याच्याकडूनच आली. तोंडावर बोलला तो. "दुधरामच्या बांधीत थेंब जाणार नाही. सारे घरी जेवाले गेले तवा म्हाताऱ्यानं पाणी सोडाचा तुडूम उघडला, तलावाचं पाणी चोरून आपल्या धानाले नेलं. मास्तरनं तलावाच्या पाळीवर उभं राहून सांगतलं सारं." असं बोलला. धान गर्भात आहे जी आमचा. आता पाणी नाही भेटलं तं दाणा सोडा, तणसाची काडी बी हाती नाही लागणार.

घनश्याम : अहो, पण मी दुधराम काकांचं नाव तरी घेतलं का? मी माझी गोष्ट वाचली. मासिकात छापलेली. गोष्टीतल्या म्हाताऱ्याचं नाव बकाराम आहे.

रुख्मा : नाव बकाराम. अन् लंगडा पाय कोणाचा? हिरव्या फडक्याचं मुंडासं कोणाचं? काठी पाण्यात बुडवून तिचं टोक जिभेले लावते अन् "अजून गोड आहे माय" म्हणते, तो कोण? माह्या सासऱ्याले सोडून असा दुसरा दाखवा गावात. दाखवा ना!

घनश्याम : ते घेतलं मी काकांकडून. लेखक घेतो असं. एकाचा पाय, दुसऱ्याचं बोलणं. पण चोरी मी रचली. ती माझी आहे.

रुख्मा : वा जी वा! पाय आमचा, चोरी तुमची, अन् पाणी बंद आमचं!

(प्रेमिला हात पुसत आतून येते.)

प्रेमिला : काय झालं? इतका आवाज? रुख्माबाई, बसा ना. चहा ठेवते.

रुख्मा : चहा नोको. तुह्या मालकाले अक्कल ठेव थोडी चुलीवर.

घनश्याम : प्रेमिला, तू आत जा.

प्रेमिला : कशाला जाऊ? लग्न होऊन गोंदियाहून आले तेव्हापासून तुमच्या गोष्टी मीच ऐकते आहे. आता त्यांचं फळ पण ऐकते.

रुख्मा : ऐक मंग. ह्यायनं गोष्ट शाळेत वाचाची होती. देवळात वाचाची, गोरेगावच्या बाजारात वाचाची. लोकं हासले असते, रडले असते, घरी जाऊन झोपले असते. पाळीवर कायले वाचली? पाळीवर उभा राहून माणूस बोलला का ती साक्ष होते, हे ह्यायच्या बापानं नाही सांगतलं ह्यायले? आपल्या कोहळी लोकायनं हा तलाव बांधला तवापासून पाण्याचा तंटा तिथंच तुटते. तिथं कोणी खोटं बोलत नाही.

घनश्याम : जुन्या गोष्टी आहेत त्या, वहिनी. मालगुजारी गेली, तलाव सरकारचा झाला...

रुख्मा : तलाव गेला सरकारात. पाळ कुठं गेली?

घनश्याम : संध्याकाळी सगळा गाव तिथं बसतो म्हणून तिथं वाचली, बस. माझ्या मनात साक्ष नव्हती की पुरावा नव्हता. मला ऐकणारी माणसं हवी होती. आणि त्यांनी ऐकलं हो! जमुनाबाई पदर तोंडात धरून रडली. ईश्वरदास उठला आणि बकारामच्या नावानं थुंकला. मला वाटलं...

रुख्मा : काय वाटलं?

घनश्याम : वाटलं, आता मेलो तरी चालेल. ह्याच गोष्टीवर पुण्याच्या एका मासिकात परीक्षण आलं. मोठ्या माणसानं लिहिलंय. 'बकाराम इतका खरा उतरला आहे की तो लंगडत आपल्या ओसरीवर येईल असं वाटतं.' पाठ झालंय मला.

प्रेमिला : आम्हालाही पाठ झालंय. जेवताना वाचून दाखवतात. परवा वरणात मीठच नव्हतं, तरी कळलं नाही.

घनश्याम : चेष्टा नको करूस! तो कागद वाचून छाती फुगली, खरं आहे. पण ईश्वरदास थुंकला तेव्हा जे झालं, ते त्या कागदानं नाही झालं.

रुख्मा : म्हणजे पुण्याच्या लोकायनं खरं मानलं तं तुमाले शाबासकी, अन् आमच्या गावानं खरं मानलं तं गाव अडाणी?

घनश्याम : पुण्याचा माणूस बकारामला शोधत इथं येत नाही, वहिनी! कुणाचं पाणी तोडत नाही! गोष्ट संपली की मासिक मिटतो आणि आपल्या कामाला लागतो.

रुख्मा : मंग त्याले कायची लागली जी तुमची गोष्ट? ईश्वरदासले लागली. त्यानं आमच्या अंगणात पाय टाकणं सोडलं. माही सासू मेली तवा खांदा देणारा माणूस तो. विहिरीवर बाया माह्या घागरीपासून आपली घागर दूर ठेवतात. एवढी लागली तुमची गोष्ट. घ्या, फुगवा छाती!

घनश्याम : काय करू मग मी? सांगा ना, काय करू?

रुख्मा : आज दिवस बुडाच्या आधी सारे पाळीवर जमतील. या अन् बोला, म्या सांगतलं ते खोटं होतं.

घनश्याम : खोटं नाही ते! माणूस मोहात कसा पडतो, ते त्यात आहे. ते खरं आहे. मी येतो, लोकांना समजावून सांगतो. गोष्ट म्हणजे काय, रचलेलं म्हणजे काय...

रुख्मा : समजावून शाळेत सांगा. धान तवरिक थांबणार नाही. पाळीवर दोनच बोलणे चालतात, हाय नाहीतं नाही.

घनश्याम : आणि पाळीवर शब्द मागं घेणाऱ्याचं पुढं काय होतं, ते ठाऊक आहे ना तुम्हाला?

रुख्मा : ठाऊक आहे.

प्रेमिला : काय होतं?

रुख्मा : त्याले पाळीवर पुन्हा बोलता येत नाही. मरेपर्यंत. बोलला तं लोकं उठून जातात. शालीकरामच्या आज्याचं तसंच झालं. नातीची सोयरीक जुळवाले बी त्याले कोणी इचारलं नाही.

घनश्याम : ऐकलंस, प्रेमिला? मग मी वाचू कुणाला? त्या पुणेकराला? त्यानं जन्मात चिखलात पाय घातला नसेल. तो माझी भाषा 'रांगडी पण गोड' म्हणतो, जसा काही मी गुळाचा खडा आहे! इतकी वर्षं कंदिलाखाली डोळे फोडले, तेव्हा एकदा, फक्त एकदा, माझ्या शब्दानं कुणाचं तरी काळीज हललं. आणि आता त्याच जागी उभं राहून मी म्हणू की ते खोटं? उद्यापासून हा मास्तर काय बोलतो ते ऐकू नका?

प्रेमिला : बस करा. तुम्हाला ऐकणारे पाहिजेत, त्यांना पाणी पाहिजे. हे दोन्ही तुम्ही एका तागडीत कसे काय घालता? शरम नाही वाटत? आणि मला एक सांगा, त्या म्हाताऱ्याचा पाय घेतला, मुंडासं घेतलं, जिभेवरचं बोलणं घेतलं. विचारलं होतं त्यांना? पूर्ण गावात एक सीधासाधा माणूस सापडला, तर त्यालाच चोर बनवलं!

घनश्याम : सीधा होता म्हणूनच! मुळातल्या चोरानं चोरी केली तर त्यात कसली आली गोष्ट? ज्याच्यावर आपला जीव आहे, त्याच्याच हातून ते घडावं लागतं. काकांनी मला लहानपणी खांद्यावर बसवून ही पाळ दाखवली. माझा जीव होता त्यांच्यावर, म्हणून बकाराम उभा राहिला. कळत कसं नाही तुम्हाला?

रुख्मा : कळते जी. जीव होता म्हणून मान कापली. हेच बोला मंग आज. माणूस चांगला आहे, एवढं तरी बोला.

प्रेमिला : जात आहेत ते. मी घेऊन येते त्यांना. नाही आले तर मीच उभी राहीन पाळीवर, आणि मग काय काय बोलेन ते मला पण माहीत नाही.

घनश्याम : तू काही बोलू नकोस. येतो मी. येतो म्हटलं ना! म्हणतो, खोटं होतं. झालं समाधान? पण एक सांगतो, वहिनी, मी काकांसाठी येतोय. ह्या गावासाठी नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी देणारं गाव हे, ह्याला कसली गोष्ट वाचून दाखवायची! अरे, एकालाही म्हणावंसं वाटलं नाही की दुधराम असं करणार नाही? असू दे. निदान काकांना तरी ठाऊक आहे, आपण काही केलं नाही ते. तेवढ्या एका माणसासमोर तरी मी...

रुख्मा : त्यायले कुठं ठाऊक आहे जी.

घनश्याम : म्हणजे?

रुख्मा : त्या दिवशी सगळ्यायच्या पुढं मामाजीच बसले होते. बकारामले पहिली शिवी त्यायनंच घातली. आता कोपऱ्यात बसून राहतात. ताट तसंच परत येते. आज मले जवळ बोलावलं.

घनश्याम : काय म्हणाले?

रुख्मा : म्हणाले, "रुख्मा, मले आठवत नाही वं. म्या तुडूम कवा उघडला होता? मास्तर पाळीवर खोटं नाही बोलन."