देवाचे डोळे

सिनेमात दिसायची हौस कशी अंगाशी येते, ते मला विचारा. कुंभकोणमला आमचे अप्पा तंजावरी चित्रं काढायचे. थोरले काका भिंतीपलीकडे राहायचे. चित्रांच्या खोलीवरून दोघांचा कोर्टात दावा होता, तीन वर्षं अबोला. "भाऊ चित्राला हातही लावत नाही," असं अप्पांनी शपथेवर सांगितलेलं. पण आमच्यात चित्रातल्या देवाचे डोळे शेवटी थोरल्यानंच रेखून उघडायचे, म्हणून प्रत्येक चित्र मी गुपचूप काकांकडे न्यायची.

मग माहितीपटवाले आले. म्हणाले, "डोळे आमच्यासमोर काढा." अप्पांचा हात काही पुढे होईना. शेवटी मीच काकांना बोलावलं. ते आले, डोळे रेखले आणि भिंतीपलीकडे निघून गेले.

माहितीपट गावात लागला, तर आमच्या पुढच्याच रांगेत आमचा दावा चालवणारे मुन्सफ! पडद्यावर काकांचा हात दिसला आणि अप्पांना दरदरून घाम फुटला. मुन्सफांनी मागे वळून पाहिलं. तेवढ्यात मागून काका म्हणाले, "डावा डोळा जरा मोठा झाला रे."

"झालाच," अप्पा म्हणाले. "घाई केलीस, अण्णा."

मुन्सफ तमिळ, त्यांना आमची घरची मराठी कळेना. त्यांनी मला तमिळमध्ये विचारलं, "इथंही भांडण?"

म्हटलं, "नाही साहेब, बोलतायत."