निंबाचं ताट

धुरपदाबाई : डबा तसाच भरेल आहे. फोपनारहून बैलगाडीत बसून लालबागेच्या या आश्रमात आली मी, आन् तुम्ही झाकणही उघडलं नाही.

निंबा : माह्यं जेवन झालं.

धुरपदाबाई : घरी बायकोच्या हातची एक भाकर तुम्हाले दोन वक्त पुरे. इथं आश्रमात किती खाल्ल्या?

निंबा : दोन. गरम होत्या.

धुरपदाबाई : लीलाबाई, इकडं ये. काय घालते तू यायच्या ताटात?

लीला : सगळ्या म्हाताऱ्यांना जे रांधते तेच, मावशी. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण.

धुरपदाबाई : माह्या चुलीवरबी तेच शिजते. अंगावरून वारं गेलं तवापासून तीन महिने यायनं घरच्या जेवनावरून तोंड फिरवलं, मंग इथं आनून ठेवलं. तुह्या हातचं बरं गोड लागते.

लीला : मी पोटासाठी आले इथं. माहेर जामोदचं. परवा राज्यांच्या हद्दी बदलल्या, तेही मुंबई राज्यात गेलं, मी राहिले इकडंच.

धुरपदाबाई : मंग तूबी त्याच्यासंगं जायचं होतं.

निंबा : धुरपदे, असं बोलू नाही.

धुरपदाबाई : तिची बाजू घेऊ नका. संध्याकाळच्या भाकरी मी टाकते.

(संध्याकाळी. पंगत उठली आहे. निंबा एकटाच अजून पानावर.)

लीला : अठरा जण पोटभर जेवले, मावशी. हात चांगला आहे तुमचा.

धुरपदाबाई : अठरा जनांचं राहू दे. यायनं अर्धी टाकली. कच्ची राह्यली का हो?

निंबा : गार झाली. मंग एका हातानं मोडत नाही.

धुरपदाबाई : वाढली तवा वाफ निघत होती.

लीला : त्यांना वेळ लागतो. म्हणून मी लहान लहान थापते. एक संपत आली की दुसरी तव्यावर टाकते.

धुरपदाबाई : यायनं सांगतलं तुले?

लीला : नाही. ताटाकडं बघून कळलं.

धुरपदाबाई : चाळीस वर्षं मी वाढते. तुम्ही मले कधी बोलले नाही.

निंबा : तू झाकून ठेवून कापूस वेचाले जायची. कोनाले सांगू?

लीला : मावशी, पीठ उरलंय. तवाही तापलेला आहे.

धुरपदाबाई : मले तू आवडत नाही, लीलाबाई.

लीला : असू द्या.

धुरपदाबाई : लहान म्हंजे केवढी थापते, दाखव.