झरीचा हॉल आणि सोळा अंडी

...आणि वर म्हणायचं काय, तर हॉल सगळ्यांचा आहे! तुम्हाला सांगतो, झरीच्या बायजीनं हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की तिच्या कानाला घट्टे पडलेत. बायजी म्हणजे पाड्यावरची अंगणवाडी सेविका. सहा वर्षं सोळा पोरं घेऊन चिंचेखाली बसली बिचारी. मग दोन हजार सतरात रस्त्याकडेला मारुतीचं नवं देऊळ झालं, देव वाजतगाजत तिकडे गेला, जुनं देऊळ रिकामं पडलं. ग्रामसभेत ठरलं, आता हा सगळ्यांचा हॉल. सकाळी अंगणवाडी, दुपारी बायकांचं शिवण, संध्याकाळी भजन. वाईट काय आहे त्यात? पण किल्ली कुणाकडे? चिमणकाकाकडे! जन्मभर त्या देवळात दिवाबत्ती केलेला माणूस.

पहिल्याच आठवड्यात बायजीनं पोरांसाठी सरकारातून आलेली अंडी उकडली, तर हा दारात आडवा. नाकातून म्हणतो कसा, "बाई, अंडं आत नाय. देवाची जागा हाय." बायजी म्हणाली, देव तर रस्त्याला गेला. तर म्हणे, "देव गेला, जागा कुठं गेली?" झालं! पोरं उन्हात पायरीवर, भोवती कुत्री, धाकट्या रूपीच्या हातातलं अंडं तर कुत्र्यानंच पळवलं. आणि आत सावलीत कोण? पत्ते कुटणारे चार बाप्ये. का, तर हॉल सगळ्यांचा आहे.

बायजीनं राग गिळला. पण पुढच्या महिन्यात, ऐन अंगणवाडीच्या वेळेला, काकाच्या पुतण्याचा साखरपुडा त्याच हॉलात. कोंबडीचा रस्सा, आणि खुद्द काका पंगतीत तंगडी चोखतायत! बायजीचं डोकं फिरलं. सोळाच्या सोळा पोरं, हातात एकेक अंडं, सरळ पंगतीमधून नेली आणि गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी बसवली.

"काका," ती म्हणाली, "कोंबडी आत चालते, मग तिचं अंडं का नाही?"

काकाच्या तोंडात तंगडी, बोलणार कसा?

ग्रामसभा बसली, ठराव झाला. अंडं आत चालेल, पण टरफलं सांडू नयेत म्हणून काका देखरेख करतील. करतात ना, फक्त अंड्याच्या दिवशी, वेळेवर, पोरांच्या ओळीत मांडी घालून. बायजी करवादते, पण बोलायची सोय आहे का, हॉल सगळ्यांचा आहे... आता ती सोळा पोरांसाठी सतरा अंडी उकडते. सतरावं तिच्या घरच्या कोंबडीचं.