नंतररावांचा दुसरा निरोप

सन्माननीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती आमचे सर, पहिल्या रांगेत पर्स मांडीवर घट्ट धरून बसलेल्या काकू, आणि चहाच्या टेबलाकडे डोळे लावून बसलेल्या माझ्या सहकारी बंधुभगिनींनो,

सरांना निरोप देण्याची संधी मला मिळाली, हे माझं भाग्य. दुसऱ्यांदा मिळाली, हे त्याहून मोठं भाग्य. नवीन मंडळींना सांगते, सरांचा निरोप समारंभ गेल्या वर्षी याच सभागृहात झाला होता. पुष्पगुच्छ दिला, भिंतीवरचं घड्याळ दिलं, काहींनी डोळेही पुसले. मग आभार मानता मानता कुणीतरी बोलून गेलं, "सर, डिस्क काढताना मशीन अडकतं, ते आता कोण बघणार?" सर पुष्पगुच्छासकट उठले आणि आपल्या टेबलाशी जाऊन बसले. ते आजपर्यंत तिथेच आहेत. मुदतवाढीचं पत्र व्यवस्थापनाने मागाहून दिलं.

पाहुण्यांना प्रश्न पडला असेल, की सर करतात तरी काय? संगणकात डिस्कशी बोलणारा एक प्रोग्राम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. एखादं काम झालं की डिस्क घंटी वाजवते. ड्रायव्हरने लगेच "हो, ऐकलं" म्हणायचं आणि बाकीची निस्तरानिस्तर मागच्या रांगेत टाकायची, सवडीने करायला. गॅसवर दूध असताना पार्सल आलं, तर आपण सही करून ते कोपऱ्यात ठेवतो, दारातच फतकल मारून उघडत बसत नाही. तसंच हे. ही मागची रांग म्हणजे सरांचं राज्य. म्हणून तर अख्खा मजला त्यांना पाठीमागे नंतरराव म्हणतो. सर, आज तोंडावर म्हणते, रागावू नका.

पण खरी कसोटी डिस्क काढून घेताना. सर आम्हाला बजावायचे, "आधी नवं काम घेणं बंद. मग रांगेतलं उरका, नको असेल ते रद्द करा. जे चालू आहे, ते संपेपर्यंत थांबा. मगच जागा मोकळी करा." नाहीतर मागे राहिलेलं एखादं काम जागं होतं, आपल्या घरी म्हणून जातं, तिथे घरच नसतं, आणि सगळं मशीन कोसळतं. आमच्यापैकी कुणी नवं काम थांबवायला विसरलं, की सर कपाळाला हात लावायचे. "अरे, दार सताड उघडं ठेवून घर झाडताय होय?"

आणि स्वतः वर्षभर काय केलं? "एवढं एक संपवतो आणि निघतो." ते संपत आलं की कुणीतरी हळूच येणार, "सर, जरा बघता का?" सर बघणार. नाही म्हणायला त्यांची जीभच रेटत नाही.

परवा आमंत्रण द्यायला मी त्यांच्या घरी गेले, तर दारातच दोन बॅगांना अडखळले. काकू म्हणाल्या, "सांभाळून गं. पहिल्या निरोपापासून भरलेल्या आहेत. यातलेच कपडे काढते, धुते, परत भरते." मला हसू आलं. काकू हसल्या नाहीत. त्यांच्या थोरल्या बहिणीची नजर जात चालली आहे. दर फोनवर ताई म्हणतात, "दिसतंय तोवर येऊन जा."

"मग तुम्ही एकट्याच का जात नाही?" मी विचारलं.

"तिला आम्हा दोघांना बघायचंय. लग्न तिनेच जमवलं ना आमचं." सरांचा मला रागच आला, खरं सांगते.

म्हणून काल आम्ही सरांचाच नियम सरांना लावला. त्यांच्याकडे येणारं नवं काम परस्पर माझ्याकडे वळवलं. रांगेतलं आपसात वाटून घेतलं. काही रद्द केलं, त्यातली एक तक्रार तर केव्हाच भंगारात गेलेल्या मशीनची होती. चालू कामासाठी मात्र थांबावं लागलं. अध्यक्षमहोदय, आपण एवढे ताटकळलात, त्यात माइकचा काही दोष नव्हता. सर शेवटची ओळ लिहीत होते.

काय म्हणालात, सर? सकाळच्या चाचणीचं काय झालं?

मंडळी, माझ्याकडे असे डोळे वटारू नका. गप्प राहायचं ठरलं होतं, पण ते थेट विचारताहेत. खोटं बोलणार नाही, सर. मशीन अडकलंय. डिस्क काढतानाच.

नाही, सर. बसा. बसा, म्हणते ना! ते काम माझं आहे. मला जमेल की नाही, ठाऊक नाही. रडेन, चिडेन, टेबलावर डोकं आपटेन, पण ताईंची भेट होईपर्यंत तुम्हाला फोन करणार नाही.

काय म्हणता, सर? "मग आम्ही निघू का?"

निघा, सर. आत्ता निघा. काकू तर उठल्यासुद्धा.

अध्यक्षमहोदय, आपलं भाषण सत्कारमूर्तींच्या रिकाम्या खुर्चीसमोर करावं लागेल, त्याबद्दल मन:पूर्वक दिलगीर आहे. सगळ्यांनी धीराने ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर पोटात घालावं. आणि दाराजवळच्या मंडळींना हात जोडून विनंती, वाट द्या, आणि सर बाहेर पडेपर्यंत कुणीही त्यांना काहीही विचारू नका.