वाकायचं न्हाई

—न्हाई डॉक्टर, नुसती सर्दी कशी आसंल? नीट बघा की. परवा माझ्या धाकट्या जावंला, मोनिकाला, ह्याच खुर्चीत बसवून सायनस दिलात, अन् मला सर्दी? एका घरातल्या दोघी, एका चुलीवरचं खातोय— हां, विचारा. नाक? गळतंय की. घट्ट, पिवळं, एकाच बाजूनं. मदी कमी झालं व्हतं, परत उसळलं. ताप? व्हय, हाय— थर्मामीटरात न्हाई यायचा, आतून हाय. कुटं दुखतंय? हा बघा, उजवा गाल— आई गं! हात लावलाच न्हाई अजून? मग लावा की. काय, तिचा डावा व्हता? ती घरी माझ्या म्होरं बसून गाल धरती ना, म्हून उलटं झालं. डावाच धरा.

तुमी तिला म्हनलात, वाकल्यावर दुखतंय तवर वाकू नको. झालं! उद्यापासनं आमची भाताची आवणी— न वाकता काय उभ्यानं रोपं फेकायची चिखलात? ती बसलीय घरात डोस्क्यावर टॉवेल घिऊन, वाफ घेत. सासू खेकड्याचं झणझणीत कालवण करून देतीया, नाक मोकळं व्हावं म्हून. अन् माझा दीर, सोमनाथ— दिवसभर रील बघणारा गडी— सोता पाणी तापवतोय, टॉवेलाचं टोक धरून म्हनतोय, 'हळू घे गं, भाजंल.' मी आमच्या ह्यांना म्हनलं, माझंबी नाक चोंदलंय. तर म्हनले, 'मग? रोपं काय नाकानं लावायचीत?' —हसू नका डॉक्टर. लगीन झाल्यापासनं एकदाबी 'हळू गं' ऐकलं न्हाई मी. गोळ्या नकोत मला. नुसतं कागदावर लिवा— सायनस, वाकायचं न्हाई. मोठ्या अक्षरात लिवा, ह्यांना चष्मा हाय—

काय पडलं? पेन व्हय? थांबा... टेबलाखाली गेलंय... हे काय, तुमच्या बुटापाशी. घ्या. टोपणबी घावलं. —आसं का बघताय?

...अगं बया.

न्हाई, आता लागलं बघा दुखाया! लई दुखतंय! —बरं ऱ्हाऊ द्या. पर तुमी का न्हाई वाकलात? पेन तर तुमच्या पायाशी व्हतं. अन् गाल का धरलाय?... तुमालाबी? कवापासनं?... वाफ घेताय? टॉवेल कोन धरतंय, घरच्या बाईसायेब?

म्हंजी आख्ख्या मुळशीत वाकायला मीच एक ऱ्हायले.

द्या त्या सर्दीच्या गोळ्या. बोलवा पुढच्याला. अन् परत काय पडलं तर मला हाक मारू नका.